बारा वर्षांच्या मानेतली म्हातारी

मी एक जुनी धमनी आहे. हसू नका मित्रांनो, वय माझं बाराच वर्षांचं. पण जुनेपण काही जन्मतारखेवर ठरत नाही, आत काय साचलं त्यावर ठरतं. माणसाचंही तसंच असतं म्हणा.

माझं घर एका मुलीच्या मानेत आहे, उजव्या कानाच्या जरा खाली. हृदयाकडून आलेलं रक्त डोक्याकडे पोचवायचं, एवढंच माझं काम. कानाला खेटून राहत असल्यामुळे मला ऐकू मात्र सगळं येतं. आणि खरं सांगते, जे ऐकलं त्यातल्या निम्म्याची मला शिसारी आली आहे.

या मुलीला घरचे गोटी म्हणतात. लहानपणी ती गोल गरगरीत होती म्हणून. आता ती वाळली आहे, उंचीही खुंटली आहे, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

देवाने मला घडवलं तेव्हा मी लोण्यासारखी मऊ होते. हृदयाचा ठोका आला की फुगायचं, ओसरला की मिटायचं. ठोका म्हणजे नाम आणि मी म्हणजे जप, असं माझं आयुष्य चाललं होतं. पण गोटीची मूत्रपिंडं जन्मापासूनच अर्धीमुर्धी होती. ती शाळेत जाऊ लागल्यावर काही वर्षांनी मूत्रपिंडं पार थकली. मग डायलिसिस सुरू झालं. आठवड्यातून तीनदा तिला यंत्राला जोडायचं, रक्त बाहेर काढून धुवायचं आणि परत आत घालायचं.

आता जरा नीट ऐका, कारण सगळं दुखणं इथेच आहे. अन्नात फॉस्फरस नावाचा एक क्षार असतो. हाडांना तो हवाच. जास्तीचा असेल तो निरोगी मूत्रपिंडं बाहेर टाकतात. गोटीच्या मूत्रपिंडांना ते जमत नाही, आणि यंत्रही तो पुरता काढू शकत नाही. मग तो रक्तात रेंगाळतो. माझ्या शेजारी, मानेतच, चार इवल्या ग्रंथी राहतात. रक्तातला तोल बिघडला की त्या घाबरतात आणि हाडांतून कॅल्शियम ओढून काढायला लागतात. ते कॅल्शियम आणि तो फॉस्फरस यांची जोडी जमते, आणि ही जोडी बिऱ्हाड थाटते कुठे? माझ्या भिंतीत!

शी! काय सांगू तुम्हाला. आतून खरखर सुरू झाली. चुन्याचे कण, खडूची भुकटी. एवढ्यावर भागलं नाही. माझ्याच भिंतीतल्या मऊ स्नायूंच्या पेशी हाडांच्या पेशींसारख्या वागू लागल्या. घरचेच फितूर झाले. भिंतीवरची बुरशी निदान पुसता येते, इथे भिंतच बदलत होती. मला माझीच किळस येऊ लागली.

आणि वरून माणसांचे लाड! गोटीचा मामा ट्रक चालवतो. डायलिसिस संपलं की तो दवाखान्याच्या फाटकाशी उभा. हात पाठीमागे, हातात बाटली.

"ये गं माझी राणी! चेहरा बघ कसा उतरलाय. हे घे, गारेगार."

"मामा, मला चालत नाही."

"दोन घोटांनी काय आभाळ कोसळतंय? आईला सांगू नकोस म्हणजे झालं."

दोन घोटांची अर्धी बाटली व्हायची. ते काळं, फसफसतं, गोडमिट्ट पाणी! त्यात फॉस्फरस, पाकिटातल्या चीजमध्ये फॉस्फरस, डबाबंद मांसात फॉस्फरस. टिकावं म्हणून, चकाकावं म्हणून मुद्दाम घातलेला. पाकिटावर हसऱ्या मुलाचं चित्र आणि आत माझ्यासाठी चुना. त्या हसऱ्या चित्राचा मला जेवढा तिटकारा आहे, तेवढा कशाचाच नाही.

एके दिवशी माझी तपासणी झाली. मानेवर थंडगार चिकट लगदा फासला (तोही किळसवाणाच), वरून यंत्राची मूठ फिरवली, आणि पडद्यावर माझी अब्रू गेली.

"मुलगी बाराची आणि धमनी चाळिशीची," डॉक्टर म्हणाले. "कडक होत चाललीय. फॉस्फरसही चढलेलाच आहे. पुढच्या तपासणीपर्यंत उतरला नाही, तर मानेतल्या ग्रंथी शस्त्रक्रिया करून काढाव्या लागतील."

गोटीने गळ्यावर हात ठेवला. "इथे कापणार?"

तिच्या बोटांखाली मी धडधडत होते. तिला कळत होतं, मला कळत होतं.

"फॉस्फरसच्या गोळ्या देताय ना?" डॉक्टरांनी आईला विचारलं.

"देते तर! दीड वर्षात एक चुकवली नाही."

डॉक्टरांनी मान डोलावली आणि गोळ्या वाढवल्या. झालं! देता का, हे विचारलं. कशा देता, हे विचारायला काय तोंड दुखत होतं?

ते विचारलं आहार सांगणाऱ्या बाईंनी, शेजारच्या खोलीत. "गोटी, गोळी कशी खातेस गं? मला सांग बरं."

"आंघोळ झाली की हात जोडायचे. मग आई गोळी देते. पाण्याबरोबर गटकन गिळायची. मग तासभर काही खायचं नाही. दुपारी आणि रात्री पण तसंच, फक्त आंघोळ नाही."

"तासभर का?"

आई अभिमानाने म्हणाली, "औषध म्हणजे प्रसादच की हो. अन्नात कालवलं की त्याचा गुण जातो. म्हणून उपाशीपोटी, देवाचं नाव घेऊन."

बाईंनी हातातलं पेन खाली ठेवलं. "अहो ताई, ही गोळी अंगात मुरायची नाही. ती पोटातली राखणदार आहे. जेवणातला फॉस्फरस तिथेच पकडायचा आणि परस्पर बाहेर न्यायचा. जेवणच नाही, तर ती पकडणार कोणाला? उलट तिच्यातलं कॅल्शियम जास्त अंगात शिरतं. घासाबरोबर द्यायची, आणि चावून खायची."

आई कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला आहे. बॉयलरला आतून चुन्याची खपली धरू नये म्हणून पाण्यात पावडर सोडायचं काम तिच्याकडेच असतं. ती म्हणाली, "म्हणजे कोरड्या टाकीत पावडर टाकत होते मी. आणि पाणी मागाहून सोडत होते."

"तुमची एकटीची चूक नाही ही. आम्हीही विचारायला हवं होतं."

"माझ्याच हातानं..." आईने डोळ्यांना पदर लावला.

"आई, रडू नकोस ना. सगळे बघतायत," गोटी कुजबुजली.

मित्रांनो, त्या क्षणी आईचा राग यावा असं मला वाटलं, पण तो आलाच नाही. भक्ती खरी होती, वेळ खोटी होती. मनात जेवढी घृणा होती ती मी माझ्या भिंतीतल्या चुन्यासाठी राखून ठेवली, आणि जिभेवर "एकाने काय होतंय" हे वाक्य घेऊन फिरणाऱ्या मोठ्या माणसांसाठी.

बाईंनी डॉक्टरांना सांगितलं, गोळ्या पुन्हा पूर्वीइतक्या झाल्या. फाटकाशी मामा होताच, हात पाठीमागे. आईने त्या हातातली बाटली ओढून काढली.

"दादा, तू हिचा मामा आहेस की वैरी?"

"अगं, पोर हिरमुसलेली असते. तेवढंच जरा हसते."

"हसवायला देवानं तुला तोंड दिलंय ना? त्यात बाटली कशाला लागते?"

मामाने बाटली गटारात रिकामी केली. गटारालाही फेस आला. मला बरं वाटलं, उगाच का खोटं बोलू!

पुढची तपासणी आली. पुन्हा तो लगदा, पुन्हा ती मूठ. फॉस्फरस उतरला होता. ग्रंथीही जरा शांत झाल्या होत्या.

"शस्त्रक्रिया आत्ता नको," डॉक्टर म्हणाले.

"आणि धमनी?" आईने विचारलं.

"साचलंय ते बहुधा जाणार नाही. पण नवीन चढलेलं नाही."

म्हणजे मी म्हातारी ती म्हातारीच राहणार. ही खरखर माझ्यासोबतच जगणार, आणि तिची किळसही. पण ती वाढू नये एवढं तुमच्या हातात आहे. तेव्हा मित्रांनो, तुमच्या वर्गात, शेजारी, नात्यात असं एखादं मूल असेल, तर त्याच्या पुढ्यात लाडाने पाकीट फोडू नका. आणि औषध दिलं का, एवढंच विचारून मोकळे होऊ नका. कधी दिलं आणि कशासोबत दिलं, तेही विचारा.

आता गोटी जेवायला बसली आहे. पहिला घास घेतला, गोळी दाताखाली धरली आणि तोंड वेडंवाकडं केलं.

"शी! खडू खाल्ल्यासारखं लागतं!"

चाव गं माझे बाई, नीट चाव. तो खडू तुझ्या दातांखालीच बरा.