नाथाची चाल

गोपीनाथ ठाण्याजवळच्या कोपरीचा. घरची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मिठागरात राबलेली. आईबाप लवकर गेले आणि थोरल्या भावानं, नाथानं, त्याला वाढवलं. नाथानं त्याला मिठागरात उतरू दिलं नाही. साहेबांच्या बंगल्यांतले पियानो दुरुस्त करणाऱ्या एका सुताराच्या हाताखाली ठेवलं. खाडीच्या दमट हवेत पियानोचं लाकूड फुगायचं, तारा गंजायच्या, उंदीर आतली लोकर कुरतडायचे. कामाला तोटा नव्हता. तारा जुळवता जुळवता गोपीनाथ वाजवायला शिकला.

१८९०च्या सुमारास तो कल्याणला रेल्वेच्या साहेबांच्या क्लबातला पियानो दुरुस्त करायला गेला आणि वाजवणारा म्हणून तिथेच राहिला. नाचाची गाणी तो वाजवीच, पण लोक त्याला ओळखत ते त्याच्या गमतीच्या चालींमुळे. अंडं घातल्यावर आरडाओरडा करणारी कोंबडी, घाट चढताना धापा टाकणारं इंजिन, मच्छरदाणीत शिरलेला डास, हे सगळं तो पियानोवर हुबेहूब काढी. मडमा डोळे पुसेपर्यंत हसत.

त्यातली सगळ्यात गाजलेली चाल होती ‘लंगडा मीठवाला’.

नाथाचा उजवा पाय मिठाची होडी आणि धक्का यांच्यामध्ये सापडून चिरडला होता. तेव्हापासून तो काठी घेऊन चाले. एक जड पाऊल, काठीचा ठोका, मग दुसऱ्या पायाची घाईघाईची उडी. रविवारी गोपीनाथ कोपरीला घरी असला की पहाटे अंगणातून तो आवाज येई. एकदा अंथरुणात पडल्या पडल्या त्यानं तो मांडीवर बोटांनी वाजवून पाहिला आणि त्याला हसू आलं. आठवड्याभरात चाल तयार झाली.

क्लबात ती पहिल्यांदा वाजवली तेव्हा कुणीतरी विचारलं, ‘‘हे कसलं चालणं?’’ गोपीनाथ उठला. कोपऱ्यातली छत्री घेतली आणि खोली ओलांडून लंगडत चालून दाखवलं. टाळ्या थांबेनात. त्यानं पुन्हा चालून दाखवलं.

पुढे मुंबईच्या एका दुकानानं ती चाल सुरांच्या खुणांत कागदावर छापली. वर चित्र होतं, टोपली घेऊन वाकडा चाललेला काळा माणूस. गोपीनाथनं ते कागद ट्रंकेत तळाशी ठेवले. घरी सांगितलं नाही.

पुढच्या वैशाखात नाथाच्या मुलीचं, ठमाचं, लग्न निघालं. काकानं काहीतरी करायचं म्हणून गोपीनाथनं कल्याणहून बँड आणला. वरात दारी आली. नाथा नवं धोतर नेसून व्याह्यांना सामोरा निघाला. बँडवाल्यांच्या नाईकानं गोपीनाथकडे बघून हसून मान डोलावली आणि ‘लंगडा मीठवाला’ सुरू झाला.

पहिल्यांदा कुणाच्या काही ध्यानात आलं नाही. मग पोरं नाथाच्या मागे तालावर लंगडू लागली. वऱ्हाडी हसले. नाथा थबकला, तसा ढोल थांबला. त्यानं पाऊल टाकलं, ढोल वाजला. नाईकाला वाटलं, म्हातारा मजा करतोय. नाथानं काठी बगलेत मारली आणि सरळ चालायचा प्रयत्न केला. तीन पावलं गेला असेल. मग मांडवाच्या खांबाला धरून उभा राहिला.

गोपीनाथ हातात पानाचं तबक घेऊन तिथेच होता. एक हाक मारली असती तर बँड थांबला असता. तो तबकातली पानं नीट लावत राहिला. नाथाची बायको आवडाबाई धावत गेली आणि तिनं ढोलावर पालथा हात ठेवला.

‘‘बंद करा आधी! लाज हाय का नाय?’’

‘‘काय झालं, बाई?’’ नाईक गोंधळला.

नाथानं गोपीनाथला विचारलं, ‘‘कुनाचं रं यो गानं?’’

‘‘ठाऊक नाही, दादा. मुंबईचं कायतरी असेल.’’

‘‘अहो, असं काय करता, गोपीनाथराव?’’ नाईक म्हणाला. ‘‘तुमचंच तर आहे! म्हणून तर वाजवलं.’’

नाथानं भावाकडे एकदा पाहिलं. मग वळून व्याह्यांना हात जोडले आणि लग्न पुढे चाललं. चार दिवस तो गोपीनाथशी बोलला नाही. पाचव्या दिवशी म्हणाला, ‘‘मना कल्यानला ने. तुझ्या पेटीवर ऐकाचा हाय.’’

सकाळची वेळ, क्लबात झाडूवाल्याशिवाय कुणी नव्हतं. नाथा दाराशी जमिनीवर बसला. खुर्ची दिली तरी घेतली नाही. गोपीनाथनं चाल वाजवली. मधे दोनदा बोटं चुकली, तरी शेवटपर्यंत वाजवली.

‘‘असा वाजतंय माझा पाय?’’ नाथानं विचारलं.

‘‘हो.’’

‘‘बराबर काढलास.’’ मग त्यानं विचारलं, ‘‘लोक हसले, तवा तू काय केलंस?’’

खोटं बोलायचं तर आत्ताच, असं गोपीनाथच्या मनात आलं. पण मांडवात एकदा बोलून झालं होतं.

‘‘मीच पहिला हसलो, दादा. घरात, अंथरुणात. आणि इथं मी तुझ्यासारखं चालून दाखवलं. दोनदा.’’

नाथानं काठी टेकून उठायला घेतलं.

‘‘मी आता ही चाल कधी वाजवणार नाही,’’ गोपीनाथ म्हणाला.

‘‘तू नाय वाजवनार. बाकीचे?’’

ठाणे, भायखळा, पुणे, कुठल्या कुठल्या घरांत ते कागद पोचले होते, हे गोपीनाथलाही माहीत नव्हतं.

दोघे स्टेशनाकडे निघाले. नाथाला आपल्या वेगानं जाता यावं म्हणून गोपीनाथ सवयीनं दोन पावलं मागे राहिला. नाथा थांबला.

‘‘फुडं चाल.’’

‘‘सावकाश येतो ना मी, दादा.’’

‘‘फुडं चाल म्हनतंय. माझ्या मागून ऐकत येव नको.’’

गोपीनाथ पुढे झाला. मागून पावलं येत राहिली आणि त्यानं मान खाली घालून, ती ऐकू येऊ नयेत म्हणून, उगाच मोठमोठ्यानं खोकत रस्ता कापला.

महिन्याभरात त्यानं क्लब सोडला आणि ठाण्यात पुन्हा पियानो दुरुस्तीचं काम धरलं. नवी चाल त्यानं केली नाही. नाथा आणखी अकरा वर्षं जगला. बोलणं पुन्हा सुरू झालं, सणाला एका पंगतीत जेवणंही झालं. पण दोघे कुठे मिळून निघाले तर गोपीनाथ न सांगता पुढे होई.