शेवटचा काप

"काका, फुप्फुसाच्या काचेवर तपकिरी रंग फिकट आलाय. खरा आहे की धुताना राहिलाय? आणि पडताळ्याची, प्रोटीन नसलेली काच कुठंय?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

हॉस्पिटलच्या लॅबमध्ये मेणात बसवलेल्या मांसाच्या ठोकळ्यांचे पातळ काप काढून काचेवर चढवण्यात काकांची सव्वीस वर्षं गेली होती. आज मात्र त्यांनी कामचुकारपणा केला होता, ती काच लावलीच नव्हती.

तपासायचं होतं एक प्रोटीन. पुरुषाच्या अंडकोशात पेशी निम्म्या-निम्म्या विभागून बीज तयार होतं, तेव्हा ते लागतं. नसेल तर मूल होत नाही. आणि तेच फुप्फुसात दिसलं, तर समजायचं गाठ साधी नाही. असेल तिथं तपकिरी रंग उमटतो, नसेल तिथं निळाच राहतो. म्हणून रुग्णाच्या काचेशेजारी आणखी दोन लावायच्या. एक प्रोटीन हमखास असलेली, एक हमखास नसलेली. नसलेलीवरही तपकिरी दिसला, तर तो धुताना राहिलेला, खोटा.

नसलेली काच काकांचीच होती. लग्नाला सहा वर्षं होऊनही पाळणा हलेना, तेव्हा तपासणीसाठी त्यांच्या अंगातून काढलेला तो तुकडा. तेव्हाचे मोठे डॉक्टर म्हणाले, "ठेवून घेऊ का? कामाला येईल." काका हो म्हणाले. निदान कशाला तरी उपयोग होईल, असं वाटलं होतं. ठोकळ्यावर नुसता नंबर होता. खरं काय ते आता बायकोला तेवढं ठाऊक.

आता त्यात एकच काप उरला होता. निवृत्त होताना तो घरी न्यायचा, असं काकांनी मनाशी धरलं होतं. कोणाला सांगावं तर हसं व्हायचं.

"नसलेलीचा दुसरा ठोकळा नाही का?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"मागवलाय. आठवडा लागेल."

"आठवडा कसा थांबणार? पेशंटची मुलगी सकाळपासून बाहेर बसलीय."

काका बाहेर डोकावले. मुलगी बाकावर वडिलांचा स्वेटर मांडीवर घेऊन बसली होती. "अजून किती वेळ, काका?"

"दुपारपर्यंत सांगतो, बाळ."

काकांनी आत येऊन आपला ठोकळा यंत्राला लावला. पातं फिरलं, काप निघाला आणि पुढच्या फेऱ्यात पातं नुसत्या मेणातून गेलं.

दुपारी काकांची काच स्वच्छ निळी निघाली. रुग्णाची पुन्हा तपकिरी.

"खरा आहे," डॉक्टरबाई सुस्कारा टाकून म्हणाल्या आणि मुलीला आत बोलावलं.

काकांनी घरी फोन लावला. "आपला ठोकळा संपला गं."

बायको म्हणाली, "कामी आला ना?"

"आला."

"मग या लवकर. दमला असाल."

मेणाचा चुरा ते रोज कचऱ्यात लोटत. आज त्यांनी तो तळहातावर गोळा केला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले.