पेन्सिलीचा ठिपका

चंबळच्या त्या वाळूच्या पट्ट्यावर यंदा 'साल' जातीच्या कासवांची सहा घरटी सापडली. अंडी अनुक्रमे चोवीस, एकवीस, एकोणीस, सव्वीस, तेवीस आणि अठरा. एकूण एकशे एकतीस. गेल्या वर्षी घरटी अकरा होती.

नदीच्या कचेरीने रखवालदार लज्जारामला आधीच बजावलं होतं की, अर्ध्या अंड्यांतून तरी पिल्लं निघाली पाहिजेत, नाहीतर अंडी राखायचं कुंपण दुसऱ्या घाटावर हलवू. कुंपण हललं की इथे वाळू उपसणारे ट्रॅक्टर उतरणार, हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

पहिल्या तीन घरट्यांतली चौसष्ट अंडी त्याने उंचावरच्या कुंपणात नेऊन पुरली. बाकीची तीन घरटी पाण्यालगत होती, आणि वरच्या धरणातून पाणी सोडल्याची खबर आली. त्याने ती सदुसष्ट अंडी काढली, रीतीप्रमाणे प्रत्येकाच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने ठिपका दिला, ओल्या वाळूच्या घमेल्यांत मांडली आणि झोपडीत आणली. पुरायच्या आधीच तापाने त्याला आडवं केलं. मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये बसवून त्याला भिंडच्या दवाखान्यात नेलं, तेव्हा तो बायकोला एवढंच म्हणाला, "कटोरी, अंडी सांभाळ."

पाचव्या दिवशी संध्याकाळी तो परतला. घमेली सावलीत होती, वाळू ओली होती, अंडं एकही फुटलेलं नव्हतं. ठिपका मात्र एकावरही दिसेना.

"ठिपके पुसलेस काय गं?"

"पुसेन कशाला? खाली आहेत. सकाळी वर, संध्याकाळी खाली." कटोरी चुलीपाशी कणीक मळत होती. "माझ्या बापाने जन्मभर याच वाळूत कलिंगडं काढली. फळ फिरवलं नाही तर बूड पांढरं राहतं, कुजतं. तुम्ही खुणा करून ठेवल्याच होत्या, मला काय कळत नाही?"

लज्जाराम घमेल्याशेजारी बसला. अंड्यातला जीव वरच्या टरफलाला चिकटून वाढतो; अंडं उलटलं की तो बलकाखाली जातो आणि गुदमरतो. बारा वर्षं तो हे शाळांच्या सहलींना सांगत आला होता.

"म्हणजे आठ वेळा फिरवलीस."

"नऊ. आत्ताच फिरवली."

त्याने तिला कारण सांगितलं. तिचे हात कणकेतच थांबले.

"गावोगावच्या पोरांना कासवं शिकवता," ती म्हणाली, "आणि घरात तोंडाला कुलूप!"

त्याने मनात हिशेब केला. अर्धी म्हणजे सहासष्ट. कुंपणातली चौसष्टच्या चौसष्ट निघाली तरी दोन कमी.

"अहो, तीन घरटी कोल्ह्याने खाल्ली म्हणून लिहा," कटोरी म्हणाली. "खाल्लेली हिशेबात धरत नाहीत ना?"

"नाही धरत. पण तसं लिहिलं तर ही पुरता येणार नाहीत. कचेरीच्या मॅडम कुंपणातला खड्डा न् खड्डा मोजतात."

"मेलेली पुरून काय करणार?"

"सगळी मेली, हे कुणी पाहिलंय?"

त्याने वहीत एकशे एकतीसचा आकडा लिहिला. मग एकेक अंडं ठिपका वर करून त्याने कुंपणातल्या खड्ड्यांत ठेवलं. काही केल्या कटोरी अंड्याला हात लावेना. ती वाळू लोटत राहिली.

मे महिन्याच्या अखेरीस पिल्लं वर येऊ लागली. पहिल्या तीन घरट्यांतून एकोणसाठ निघाली. उरलेल्या तीन घरट्यांपैकी एकातून तीन, दुसऱ्यातून एक. तिसऱ्याची वाळू हललीच नाही. दहा दिवस वाट पाहून मॅडमनी राहिलेली अंडी फोडली. बहुतेकांत मुगाएवढा काळा जीव टरफलाला वाळून चिकटला होता.

"लज्जारामदादा, ही उलटीसुलटी झालीत. कुणी केलं?"

कटोरी कुंपणाबाहेर उभी होती. ती पुढे होणार तोच तो म्हणाला, "माझ्या हातून झालं, मॅडम."

मॅडमनी पिल्लं टबात घेऊन दोनदा मोजली आणि वहीत लिहिलं: अंडी एकशे एकतीस, पिल्लं त्रेसष्ट.