तापातल्या मुलांची कार्डं

आत्याला घरात सगळे ‘चौकशी-खिडकी’ म्हणत. दूध का नासलं इथपासून शेजारणीची सून का रुसली इथपर्यंत तिला सगळं कळायला हवं. कामही तसंच मिळालं होतं. ज्या प्रयोगशाळेत ती होती, तिथे शरीराच्या पहारेकऱ्यांचा, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीचा, ऑटिझमशी काय संबंध असतो ते शोधत होते. आत्या मुलांचं रक्त घ्यायची, नळ्या यंत्रात गरगर फिरवायची आणि वर आलेलं पिवळं पाणी अलगद काढून तपासायला द्यायची.

एक नियम मात्र कडक होता. मुलाला ताप असेल तर रक्त घ्यायचं नाही. तापात पहारेकरी खवळलेले असतात, आकडे बिघडतात. अशा मुलाच्या कार्डावर आत्या दोनच शब्द लिहायची: ताप. परत. एखादी आई दारातच म्हणायची, “पण तापात हा वेगळाच असतो हो, माझ्याकडे बघतो.” आत्या “हो का?” म्हणायची आणि पुढच्याला हाक मारायची. साऱ्या गावाची चौकशी करणाऱ्या बाईने ही एवढी चौकशी कधी केली नाही.

मग एका रविवारी सकाळी भाचीलाच ताप भरला. पोरगी आठ वर्षांची. दिवसभर बाटल्यांची झाकणं ओळीने मांडायची म्हणून तिचं नाव झाकणी. बोलणं दिवसाला चार शब्द, तेही भिंतीशी. आज झाकणं तशीच पडून होती. ती आत्याच्या मांडीला टेकली आणि थेट डोळ्यांत बघून म्हणाली, “पाणी दे. थंड दे.”

वहिनी औषधाची बाटली घेऊन दारातच थांबली. “वन्सं, हे पाजलं की ताप उतरेल. मग ही पुन्हा बोलायची नाही का हो?”

“काय माहीत! तासभर थांबून बघूया?”

घरोघरी रक्त घ्यायला जायची पेटी कपाटावर होती. ती आत्याने खाली काढलीसुद्धा. फक्त एक नळी! तापात हिच्या रक्तात काय चाललंय ते तरी दिसेल. काखेत कळसा नि गावाला वळसा, असं पुटपुटत तिने पोरीच्या दंडाला पट्टा बांधला.

झाकणीने आधी सुईकडे पाहिलं, मग तिच्याकडे. “आत्या, टोचू नको. दुखतं मला.”

आठ वर्षांत तिने आत्याला पहिल्यांदाच हाक मारली होती. पण आत्याला आठवलं ते दुसरंच. याआधी दोनदा तिने हिचं रक्त घेतलं होतं आणि पोरीने हूं की चूं केलं नव्हतं. दुखत तेव्हाही असणार, सांगता आलं नव्हतं एवढंच. “आमची झाकणी शूर आहे,” असं ती सगळ्यांना कौतुकाने सांगत फिरली होती. आत्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

तिने पट्टा सोडला. “वहिनी, पाज तिला औषध.”

“पण मग...”

“मग काय! पोरीला ताप आहे.”

दुपारपर्यंत ताप उतरला आणि झाकणं पुन्हा ओळीत लागली. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन थोडी रडली. आत्या ओळीशेजारी बसून राहिली.

सोमवारी तिने प्रयोगशाळेच्या मोठ्या बाईंना गाठलं. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

“एका पोरीच्या तापावरून स्वर्ग गाठू नकोस,” त्या म्हणाल्या. “काही आईबाप असं सांगतात, काहींना काहीच फरक दिसत नाही. का ते अजून नीट कळलेलं नाही.”

“मग विचारायला नको का? आपण त्यांनाच तर दारातून परत पाठवतो.”

बाईंनी चष्मा काढून पुसला. “परत पाठवलेली कार्डं कुठे आहेत?”

“खालच्या खणात.”

“काढ. रक्त नाही घ्यायचं. नुसतं विचारायचं. आणि नाही म्हणणाऱ्यांचंही लिहायचं.”

कार्डं एकसष्ट निघाली. प्रत्येकावर आत्याच्याच अक्षरात तेच दोन शब्द. तिने पहिलाच नंबर फिरवला.

“तीन वर्षांपूर्वी तुमच्या मुलाला ताप होता म्हणून मी परत पाठवलं होतं. तुम्ही दारात काहीतरी सांगत होता. तेव्हा मी ऐकलं नाही. आता सांगाल का?”

पलीकडून मुलाची आई म्हणाली, “फोन ठेवू नका हं. हातातलं काम बाजूला ठेवून येते.”