सायलीच्या हातचा टीव्ही

खंडेनवमीच्या पूजेला घरच्यांना कंपनीत आणता येतं, हे मी घरी बोलायलाच नको होतं. माझ्या नवऱ्याने, हर्षलने, ते नानांच्या कानावर घातलं आणि सासरेबुवा सकाळीच इस्त्रीचा सदरा घालून तयार.

वाल्मीकनानांचं पिंपळगावात टीव्हीचं दुकान आहे. गिऱ्हाईक दारात आलं की त्यांचं ठरलेलं, हिमागी घ्या, बाकी सगळा कचरा. स्वस्तातला लकीविजन त्यांनी दुकानात कधी येऊ दिला नाही. समोरच्या दुकानात तो धडाधड खपतो, आणि नाना त्याला पत्र्याचा डबा म्हणतात. सून नाशिकला, अंबडच्या एमआयडीसीत हिमागी बनवते, हे त्यांनी अख्ख्या बाजारपेठेत सांगून ठेवलंय. ते खोटं नाही, फक्त अर्धं आहे. आमच्या जुळणीच्या पट्ट्यावर सकाळी हिमागी तयार होतात आणि जेवणाच्या सुट्टीनंतर त्याच पट्ट्यावर लकीविजन. कंपनीच्या गेटवर तर तिसरंच नाव आहे. हे नानांना कोणत्या तोंडाने सांगायचं? त्यांचं दुकान त्या एका नावावर उभं. ते नाव गेलं तर हा माणूस काउंटरमागे बसणार तरी कशाच्या जोरावर? बसमध्ये मी नानांना दुसऱ्याच गप्पांत गुंतवत राहिले.

वाटलं होतं, प्रसाद घेऊ आणि दारातूनच परत फिरू. कसलं काय. आमचा सुपरवायझर रविराज भारी हौशी. त्याने हिमागी आणि लकीविजन शेजारी शेजारी मांडून दोघांना मिळून झेंडूची एक लांब माळ घातली होती.

नानांनी चपला काढल्या, हात जोडले, आणि ते हात तसेच राहिले. त्यांनी दोन्ही नावं वाचली. रविराजला वाटलं, पाहुण्यांना कौतुक वाटतंय. नावाची पट्टी अगदी शेवटी लागते, हेही त्याने हौसेने सांगून टाकलं. त्याचं तोंड दाबावंसं वाटत होतं मला.

परतताना ओझर आलं. खिडकीबाहेर बघतच नानांनी विचारलं, आतून दोन्ही सारखेच का. मी सांगितलं, आमच्याकडे बनतात ते तरी सारखेच. हिमागीचा खोका जाड, रिमोट चांगला, आणि बिघडला तर माणूस लवकर येतो. त्यांनी बसचं तिकीट घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवलं. रागावले असते तर बरं वाटलं असतं.

दसऱ्याला दुकानाला तोरण लावलं आणि द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये काम करणाऱ्या कुसाबाई आल्या. आधीचा टीव्हीही त्यांनी नानांच्याच शब्दावर घेतलेला. कोणता घेऊ, असं त्यांनी विचारलं. नानांनी तोंड उघडलं, पण ते नाव काही बाहेर येईना. मी पूजेचं ताट हातात धरून तशीच उभी. वाटलं, बुडालं दुकान.

"नावाचं सोडा, कुसाबाई," नाना म्हणाले. "हा आमच्या सायलीच्या हातचा हाय."

"आन् समोरच्याकडचा?"

नानांनी समोरच्या दुकानाकडे पाहिलं. "तोबी तिच्याच हातचा. तिकडून घ्या, काय हरकत नाय."

कुसाबाईंनी नानांकडे पाहिलं, मग माझ्या हातांकडे. "मंग हितूनच घेते. पर बिघडला तर तुलाच धरीन, पोरी."

नाना खुर्चीत पहिल्यासारखे ताठ बसले. मी पट्ट्यावर फक्त मागच्या झाकणाचे स्क्रू आवळते, हे माझ्या अगदी ओठावर आलं होतं. पण त्यांचं तोंड बघून मी ते गिळलं.

तेव्हापासून नाना प्रत्येक गिऱ्हाइकाला माझं नाव सांगतात. मी प्रत्येक स्क्रू दोनदा तपासते. पट्टा तुंबतो, रविराज ओरडतो, आणि मी पुन्हा तपासते. गावात कुणी "सायली, जरा थांब गं" म्हणालं की मी आधी विचारते, "टीव्ही बिघडला का?"