थोडा गोड करा

“अरे बाबा, हे ऐकून माणूस जागेवर मरेल!” दिनानाथ साहेबांनी कानांवर हात ठेवले.

सुजित खुशीत हसला. म्हणजे भोंगा जमला होता! उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या त्याच्या खोलीत आजवर हळदीची गाणी बनत. साहेबांच्या अंबरनाथच्या रंगाच्या कारखान्यासाठी गॅसगळतीचा भोंगा पहिल्यांदाच. लॅपटॉपवरच्या सिंथमध्ये, आवाज घडवायच्या सॉफ्टवेअरमध्ये, त्याने सूर काढणारे दोन ऑसिलेटर लावले होते, दुसरा मुद्दाम किंचित बेसूर. दोघांचे सूर असे काही भांडत, की ऐकणाऱ्याने उठून पळतच सुटावं.

“भोंगा आहे साहेब. घाबरायलाच पाहिजे.”

“घाबरले की पळतात, पळाले की कारखान्याची लाइन बंद. बाजूची सोसायटी लगेच मोबाइलवर व्हिडिओ काढते. थोडा गोड करा ना. आणि कारखान्यात कोणाला बोलू नका, नव्या भोंग्याची नोटीस आम्ही लावू.”

त्याच कारखान्यात त्याची धाकटी बहीण होती, संजीवनी. अकरा वर्षांपासून पॅकिंगला. नाही जमणार म्हणून सांगावं, असं सुजितच्या अगदी ओठांवर आलं. पण कंपनीचं काम! हळदीवाला म्हणून हाक मारून घ्यायचा कंटाळा आला होता त्याला. त्याने दुसरा ऑसिलेटर पहिल्याच्या सुरात आणला, आवाजाची खरखरीत लहर काढून गुळगुळीत लावली, सुरुवातीचा दणकाही काढला.

“वा! देवळात बसल्यासारखं वाटतं,” साहेब म्हणाले.

सुजितला स्वतःची लाज वाटली. तरी त्याने फाइल दिली.

नवव्या दिवशी दुपारी संजीवनीचा फोन आला.

“दादा, जेवलास? आमच्याकडं जेवणाची नवीन घंटा लावलीय. काय गोड वाजते! ऐक.”

त्याचाच सूर. सुजित ताडकन उठला.

“संजू, नोटीस लागली का कसली?”

“कसली नोटीस?”

“ती घंटा नाय! गॅसचा भोंगा आहे, मीच बनवलाय. सगळ्यांना घेऊन बाहेर पळ!”

“कायपण! भोंगा असा असतो?” ती हसली, मग खोकली. “थांब, बाजूला बसलेल्या भाविकाच्या डोळ्यांत काय गेलं बघते. माझे पण चुरचुरतायत.”

“संजू, पळ गं!”

“पळते रे बाबा, डबा तर झाकू दे.”

तिच्यामागे कोणीतरी त्या सुरात सूर मिळवून गुणगुणत होतं.