पोळ्याच्या दिवशी जुंपलेले बैल

“तिकीट फाड, प्रेमदास. मले त्याचं तोंड जवळून पाहाचं हाय.”

गोपिकाबाईनं वांग्यांची रिकामी टोपली माझ्या दारापाशी ठेवली आणि पुढच्या बाकाचं तिकीट माझ्यासमोर धरलं. पुलगावच्या टॉकीजमध्ये मी सोळा वर्षं दारावर उभा आहे. रोहण्याहून भाजी घेऊन बाजाराला येणारी ही बाई एवढ्या काळात एकदाही आत गेली नव्हती.

“काकी, नका जाऊ. लोक चपला फेकून राह्यले.”

“कोनावर?”

मी तिकीट फाडलं. तिला ठाऊक होतं.

बेचाळीसच्या चळवळीतले आमच्या भागाचे पुढारी माधवराव. चाळीस वर्षांनी मुंबईवाल्यांनी त्यांच्यावर पिक्चर काढला. पिक्चरला फितूर लागतो. रोहण्याच्या शाळेच्या भिंतीवर माधवरावांसोबत पकडलेल्या चौघांची नावं आहेत. त्यांतलं सगळ्यांत खालचं उचललं. नत्थू. गोपिकाबाईचा नवरा. तो जाऊन सहा वर्षं झाली होती, तेव्हा विचारायचं कोणाला, हा प्रश्नही मिटला.

मी प्रत्येक खेळाचा हिशेब ठेवतो. शिट्ट्या माधवरावांच्या भाषणाला नऊ, नाचाला चाळीस. बेड्या पडल्या की रडणारे बाल्कनीत जास्त, खाली कमी. आणि नत्थू दिसला की चपला. पहिल्या दिवशी सात, रविवारी एकोणीस. खेळ सुटला की हे देशभक्त एका पायानं लंगडत माझ्याकडे येत आणि हळूच म्हणत, “माही देजो भाऊ.” फक्त एक चप्पल न्यायला कोणी आलं नाही. काळी, पॉलिश केलेली, बाल्कनीतून आलेली. कोणाची ते मी ओळखलं होतं.

रोहण्याचे हेडमास्तर मधुकरराव वर्धेच्या एका साप्ताहिकात परीक्षणं लिहीत. ‘फितुरीचा प्रसंग हा या चित्रपटाचा कळस आहे,’ असं त्यांनी लिहिलं. लिहून थांबले असते तर ठीक. शाळेच्या भिंतीवरचं चौथं नाव पोळ्याच्या सुट्टीत चुन्यानं पुसणार, असंही त्यांनी गावात सांगून टाकलं. पोळा आठ दिवसांवर होता.

त्या दुपारीही ते बाल्कनीत होते. तिसऱ्यांदा.

पडद्यावर पोळा आला. माधवराव पोळ्याच्या संध्याकाळी पकडले गेले, हे सगळ्या जिल्ह्याला माहीत. तेवढं पिक्चरवाल्यांनी खरं ठेवलं होतं. तोरण, झुली, ढोल. मग नत्थूनं इकडेतिकडे पाहिलं, बैल गाडीला जुंपले आणि पुलगावच्या ठाण्याची वाट धरली. हात चपलांकडे गेले.

गोपिकाबाई उठली आणि पडद्यासमोर जाऊन उभी राहिली. नत्थूची गाडी तिच्या लुगड्यावरून चालली होती.

“आज पोया हाय ना? मंग यानं बैल कसे जुंपले?”

“बसा ना काकी,” मागून कोणीतरी म्हणालं.

“बसीन. पयले सांगा, तुमच्यातला कोन पोयाच्या दिवशी बैल जुंपते? हात वर करा.”

हॉलमध्ये निम्मे शेतकरी. एक हात वर गेला नाही. रोहण्याच्याच बंडूजीनं उगारलेली चप्पल मुकाट्यानं पायात घातली.

“माह्या मालकानं आदल्या रोजी बैलायच्या खांद्याले तूप-हयद लावली. पोलिस दारात उभे होते, तरी बैलाले निवद दाखवूनच निघाला. अन् हे म्हंतात, गाडी जुंपली.”

बाल्कनीतून मधुकरराव म्हणाले, “बाई, ही कला आहे. कलेत थोडं स्वातंत्र्य घ्यावं लागतं.”

“घ्या न मास्तर. पन पयले बैल सोडा.”

“सोड बे बैल,” बंडूजी पडद्याला म्हणाला. मग दुसरा म्हणाला. नत्थू ठाण्याशी पोचेपर्यंत सगळा हॉल त्याला तेच सांगत होता. त्यानंतरच्या कुठल्याच खेळाला मला चप्पल सापडली नाही. ‘ग्रामीण प्रेक्षकाला कलेची जाण येण्यास अवधी आहे,’ असं पुढच्या अंकात आलं.

पोळ्याला मी पिशवीत काळी चप्पल घेऊन रोहण्याला गेलो. मधुकरराव चुन्याची बादली आणि कुंचा घेऊन शाळेत आले, तेव्हा पोळ्याचं तोरण सुटून बैल घरोघर निघाले होते. गोपिकाबाईकडे आता बैल नव्हते. बंडूजीनं आपली जोडी सरळ शाळेच्या भिंतीशी आणली होती. तिनं खूर धुतले, कुंकू लावलं, पुरणाची पोळी चारली. पोट भरल्यावर त्यांतला धोंडा नावाचा बैल भिंतीला टेकून, नावांच्या खालीच बसला.

“बंडूजी, उठवा त्याला. मला काम आहे.”

बंडूजीनं गोपिकाबाईकडे पाहिलं. उत्तर तिनं दिलं.

“आजच्या दिवशी त्याले कोनी ऊठ म्हनत नाई, मास्तर.”

“मी उद्या येईन.”

“येजा. उद्या तान्हा पोया हाय. लेकरायचे लाकडाचे बैल इथंच मांडतो आमी.”

मी बादलीशेजारी काळी चप्पल ठेवली. मधुकररावांनी चपलेकडे पाहिलं, माझ्याकडे मात्र पाहिलं नाही.

बैल रवंथ करत होता. मान हलली की शिंगाचा लाल गोंडा चौथ्या नावावरून फिरे. बादलीतल्या चुन्यावर हळूहळू साय धरत होती.